नाचणाऱ्या पायाचं हाड मोडलं, हातात पैसा नाही : मदत कुठे आणि कोणत्या क्रमाने मागायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याची मावशी ४२ वर्षांची, कलाकेंद्रात (लावणीच्या थिएटरात) संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या बैठकीच्या कार्यक्रमात नाचते. बारीच्या वेळी पाय मुडपून घोट्याचं हाड मोडलं. खासगी दवाखान्याने प्लेट-स्क्रू घालायला १ लाख २० हजार सांगितले असून त्यातले ५० हजार आधी भरायला सांगितलेत. पार्टीच्या, म्हणजे नाच-गाण्याच्या संचाच्या मालकिणीकडून आगाऊ घेतलेली ८० हजारांची उचल अंगावर आहे. दोन मुलं शाळेत आहेत. रेशनकार्ड आजोळच्या गावचं. कलाकारांसाठी सरकारची तातडीची मदत कुठे मिळते आणि किती दिवसांत?

पहिली गोष्ट : ते ५० हजार आज भरू नका, आणि त्यासाठी सावकाराकडे तर अजिबात जाऊ नका. अशा वेळी बहुतेक घरं आधी पैसा उभा करतात आणि मग योजनेची चौकशी करतात. क्रम नेमका उलटा हवा. महाराष्ट्रात आजारपणातली मोठी मदत कलाकाराच्या हातात रोख येत नाही, ती रुग्णालयाच्या बिलातून वजा होते. एकदा रोख भरून उपचार झाले की ती रक्कम परत मागायला जवळपास कुठेच जागा उरत नाही. म्हणून आधी बिल खाली आणायचं, मग घरखर्च उभा करायचा, त्यानंतर उचलीचं बोलायचं आणि मानधनाचे कागद सगळ्यात शेवटी करायचे.

वेळ किती आहे, हे हाडाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. घोटा मोडला की सूज फार येते. ती उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत बरेच सर्जन थांबतात, कारण ताणलेल्या कातडीवर चिरा दिला तर जखम भरत नाही आणि पू होतो. या थांबण्यात कधीकधी आठ-दहा दिवस जातात. तेवढे दिवस पाय स्लॅबमध्ये, म्हणजे अर्ध्या प्लास्टरमध्ये उंच ठेवायचा असतो आणि कागद करायला हाच वेळ मिळतो. पण हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, सांधा निखळला असेल, बोटं गार किंवा बधिर पडली असतील, तर एक तासही थांबायचं नाही. थेट जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. पुणे जिल्ह्यात असाल तर ससून.

आता योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही राज्यात एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना लागू आहे. त्यामुळे ‘आमचं कार्ड पिवळं नाही’ म्हणून घरी बसू नका. अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं. तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्यातलं असलं तरी अडत नाही, ते महाराष्ट्रातलं आणि ऑनलाइन नोंदलेलं, म्हणजे १२ अंकी क्रमांक असलेलं हवं. हिंडत्या कलाकारांचं घोडं इथेच अडतं. कार्ड आजोबांच्या नावावर असतं, मावशीचं नाव लहानपणी घातलेलं असतं आणि आधारशी जोडणी किंवा ई-केवायसी झालेलीच नसते, म्हणून संगणकावर नाव दिसत नाही. गावातल्या कोणाला तरी आजच तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठवा. सोबत रुग्णालयात दाखल असल्याचं पत्र आणि मावशीच्या आधारची प्रत द्या. दाखल पत्र असलं की काम पुढे सरकतं, नाहीतर अर्ज ढिगात जातो.

आरोग्यमित्राला ‘ऑपरेशन योजनेत बसतं का’ एवढंच मोघम विचारू नका. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं नेमकं निदान दाखवा आणि त्याचं पॅकेज कोणतं, ते या रुग्णालयाला लागू आहे की फक्त सरकारी रुग्णालयाला राखीव आहे, हे विचारा. काही पॅकेजेस केवळ सरकारी रुग्णालयांसाठी आहेत. तसं असेल तर खासगीत भांडण्यात दिवस घालवू नका, हलवा. मंजुरी ऑनलाइन येते. तातडीचं असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. मंजुरीनंतर ‘प्लेट चांगल्या कंपनीची हवी असेल तर वरचे ३० हजार द्या’ असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. कॅशलेस उपचारात इम्प्लांटचे पैसे वेगळे नसतात. लेखी मागितल्यावर बहुधा तो विषय मिटतो, नाही मिटला तर १५५३८८ वर तक्रार करा. घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही योजनेत असतो. ती तारीख लिहून ठेवा आणि ड्रेसिंग, तपासणी त्या मुदतीतच उरका.

सध्याचं रुग्णालय योजनेत नसेल आणि ते सार्वजनिक न्यासाचं, म्हणजे धर्मादाय असेल, तर दुसरा रस्ता आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. रुग्णालयातल्या समाजसेवकाला, म्हणजे वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाला भेटा. ‘खाट शिल्लक नाही’ असं उत्तर मिळालं तर त्या दिवशी किती राखीव खाटा भरल्या आहेत ते विचारा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात कळवा. आणीबाणीच्या निर्धन रुग्णाकडून दाखल करून घेताना अनामत मागता येत नाही, हेही तिथे शांतपणे सांगा.

तिसरी जागा मुख्यमंत्री सहायता निधीची. वरच्या योजनांत उपचार बसत नसतील तेव्हाच इथे यायचं, कारण अर्ज तपासताना तेच आधी पाहतात. कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. लागतं काय? विहित अर्ज, डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर ते जिल्हा शल्य चिकित्सकांकडून तपासून घेतलेलं), तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे अहवाल, आणि रुग्ण दाखल असल्याचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसीची (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची) प्रत. आजारांची यादी ठरलेली आहे आणि तिच्यात अपघाताच्या शस्त्रक्रिया आहेत. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. रुग्णाला घरी सोडल्यावर केलेला अर्ज चालत नाही. आता प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११.

उत्पन्नाचा दाखला हा सगळ्या अर्जांचा कणा आहे, म्हणून पहिल्याच दिवशी टाका. नाचाच्या कमाईची पावती नसते, दौलतजादा, म्हणजे रसिकांनी दिलेली बक्षिसी कुठे नोंदलेली नसते. तेव्हा स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल यावर दाखला मिळतो. घोषणापत्रात कमाई खरी लिहा. एका अर्जात ४० हजार, दुसऱ्यात दीड लाख अशी तफावत असली की दोन्ही अर्ज संशयात सापडतात. हंगामात जास्त आणि आषाढ-श्रावणात शून्य, असं वर्षाचं मिळून लिहायचं असतं. चांगल्या महिन्याची कमाई बाराने गुणली तर विनाकारण अपात्र व्हाल.

बिलाचा मार्ग लागला की घराकडे वळा. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे पाय टेकवत नाहीत, मग हळूहळू चालणं सुरू होतं. घुंगरांचे जड चाळ बांधून फडात ठेका धरायला चार ते सहा महिने धरून चला. सहा आठवड्यांतच पुन्हा नाचायला उभं राहिलं तर पाय दुसऱ्यांदा मोडण्याची भीती असते, आणि मग खर्चही पुन्हा येतो. म्हणून ‘ऑपरेशनपुरतं जमवू’ असा हिशेब करू नका. भाडं ४ हजार, किराणा ६ हजार, मुलांची शाळा आणि औषधं २ हजार असे महिन्याला १२ हजार धरले तर पाच महिन्यांचे ६० हजार होतात. मागायचा आकडा हा आहे.

त्यातला किराणा आजच थोडा हलका होईल. रेशनकार्ड आजोळचं असलं तरी मावशी राहते तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर पुरवठा निरीक्षकाला सांगा. मात्र महिन्याचा कोटा गावातल्या कोणी आधीच उचलला असेल तर यंत्र नकार देतं, तेव्हा घरात आधी बोलून घ्या.

मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एकल पालकाच्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. गृहभेट, मग बालकल्याण समितीचा आदेश, असं होत काही महिने जातात. या अडचणीत त्याचा लगेच उपयोग नाही, पण दोन मुलांचं वर्षाचं शालेय ओझं त्यातून उतरतं. वडिलांचं नाव नाही म्हणून अर्ज भरायला लाजू नका. आईच्या नावावर अर्ज होतो.

बाकीची रोख रक्कम लोकांकडूनच उभी राहते, आणि ती नीट मागितली तर राहते. मंदिर न्यास आणि धर्मादाय संस्था वैद्यकीय मदत देतात, मुंबईचा सिद्धिविनायक मंदिर न्यास त्यातला एक. पण त्यांचे धनादेशही रुग्णालयाच्या नावाने निघतात. घरखर्चासाठी कलाक्षेत्रातली माणसं, गावोगावचे रसिक आणि यात्रा कमिट्या यांच्याकडे जायला हवं. मिलाप, केटो यांसारख्या लोकवर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर मोहीम करता येते, पण तिथे रुग्णालयाचं अंदाजपत्रक लागतं. शस्त्रक्रिया योजनेतून होत असेल तर तो खर्च दाखवून पैसे मागणं ही फसवणूक ठरेल. अशा वेळी साधा व्हॉट्सॲप संदेश जास्त कामाचा. त्यात काय असावं, याचा नमुना :

‘आमच्या पार्टीतल्या एका अनुभवी नर्तकीच्या घोट्याचं हाड मोडलं आहे. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून होत आहे, त्यासाठी पैसे नकोत. पुढचे ५ महिने त्या नाचू शकणार नाहीत. घरभाडं, किराणा आणि दोन मुलांच्या शाळेसाठी ६० हजार रुपये लागतील. आजवर १२ हजार जमले. हिशेब दर रविवारी याच गटात टाकला जाईल.’

संदेशात मावशीचा फोन नंबर, घुंगरू बांधलेला फोटो, राहण्याचा पत्ता घालू नका. नर्तकीचा नंबर बाहेर गेला की मदतीपेक्षा नको ते फोन जास्त येतात आणि दुखण्यात त्याचा मनस्ताप होतो. पैसे तिच्याच खात्यात यावेत, पण संपर्कासाठी पार्टीतल्या किंवा घरातल्या जाणत्या माणसाचा नंबर द्या. ‘मंजूर झालेली मदत सोडवायला आधी २ हजार प्रोसेसिंग फी भरा’ असं सांगणारा प्रत्येक फोन बनावट समजा. वर सांगितलेल्या कुठल्याही योजनेत रुग्णाकडून अशी फी घेत नाहीत.

पार्टीतल्या बायका मिळून एखादी मदतीची बारी लावणार असतील तर फार चांगलं. फक्त आधी ठरवा : थिएटरचा वाटा घ्यायचा की सोडायचा, ढोलकी-पेटीवाल्यांची नाइट, म्हणजे त्या रात्रीची बिदागी कोण देणार, जमलेली रक्कम कोणासमोर मोजणार. हे न ठरवता लावलेल्या बारीतून खर्च जाऊन हातात फारसं काही उरत नाही, वर मनं दुखावतात.

आता उचल. मला वाटतं, खरी आणीबाणी इथे आहे. हाड तीन महिन्यांत जुळतं, उचल दोन-दोन हंगाम फिटत नाही. मालकिणीला या आठवड्यातच भेटा, ती माणसं पाठवेपर्यंत थांबू नका. आजची बाकी किती, आतापर्यंत कमाईतून वळते (कापून) किती झाले, हे वहीत लिहून दोघींच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. बोलणं असं ठेवा : पाय बरा होईपर्यंत वसुली थांबेल, बाकीवर व्याज चढणार नाही, पुढच्या हंगामात प्रत्येक वाटणीतून ठरावीक रक्कम वळती होईल. बहुतेक मालकिणी स्वतः चाळ बांधून पुढे आलेल्या असतात, त्यांना हे समजतं. त्यांनाही फिरून नाचू शकणारी कलाकार हवी असते. नवी उचल मात्र घेऊ नका आणि कोरा मुद्रांक, कोरा धनादेश, एटीएम कार्ड कोणाकडेही ठेवू नका.

व्याजाचा आकडा समजून घ्या. ८० हजारांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला ४ हजार, वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. त्या दराने महिन्याचे १,२०० होतात. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे नाचायचं नाही, मुलीला बारीत उभी कर, असं कोणी बजावत असेल तर तो १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा विषय होतो. मग तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी जा, मुलगी अल्पवयीन असेल तर १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करा. पैसा लागलाच तर बचत गटाचं अंतर्गत कर्ज किंवा बँकेत थोडं सोनं तारण ठेवणं हे सावकारापेक्षा केव्हाही बरं.

राहिलं कलाकार मानधन. राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना एप्रिल २०२४ पासून महिन्याला ५ हजार देते. पण त्यासाठी वय ५० पूर्ण हवं, कलेतलं काम किमान १५ वर्षांचं आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत. जिल्हानिहाय निवड समिती असते. म्हणजे मावशीला आज हे मानधन मिळणार नाही. दिव्यांगांना वयात १० वर्षांची सूट आहे. तेव्हा पाय बरा झाल्यावरही कायमचं अपंगत्व राहिलं तर जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा, मग ४२ व्या वर्षीही दार उघडतं. हाड जुळायच्या आधी त्या प्रमाणपत्राच्या मागे लागू नका, बोर्ड परत पाठवतं.

मानधनाचा अर्ज पैशापेक्षा पुराव्यावर अडतो, म्हणून पुरावा आतापासून जमवा. जत्रांची हँडबिलं, नाव असलेले फलक, कार्यक्रमाचे करार, वर्तमानपत्रातली कात्रणं, महोत्सवातली प्रमाणपत्रं, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची पत्रं, ग्रामपंचायतीचे दाखले, हे सगळं वर्षाच्या क्रमाने लावा. १५ वर्षं दाखवायची तर दर दोन-तीन वर्षांचा किमान एक कागद असावा. एकाच महोत्सवाची दहा प्रमाणपत्रं उपयोगाची नाहीत. सगळ्यात मोठी अडचण नावाची असते. हँडबिलावर एक नाव, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर आजोबांच्या आडनावाने तिसरं. ‘या तिन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, त्याला दोन ज्येष्ठ कलाकारांची पत्रं जोडा, आणि जमल्यास राजपत्रात नोंद करा. नाव-लौकिक असला की मदत आपोआप येते, असा भ्रम नको. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता, तरी २००२ मध्ये त्यांची अखेर हलाखीतच झाली.

महिन्याला ५ हजारांचं मानधन सुरू झालं तर लाडकी बहीण योजनेचे १,५०० बंद होतात, हे आधीच समजून घ्या. दोन्ही चालू ठेवले तर नंतर वसुलीची नोटीस येऊ शकते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्येष्ठ कलाकारांना मदत, महिन्याला कमाल ६ हजार, ही ६० वर्षांनंतरची गोष्ट. गोव्यातल्या कलाकारांनी कला व संस्कृती संचालनालयाच्या कला सन्मान योजनेकडे जावं.

कथक-भरतनाट्यमचे वर्ग घेणारे किंवा चित्रपटात समूहनृत्य करणारे यांची अडचण वेगळी. त्यांची कमाई ६० हजारांच्या वर, म्हणून मानधन नाही, आणि पगारपत्रक नाही, म्हणून आरोग्यविमा नाही. त्यांच्यासाठी धर्मादाय रुग्णालयाची ३ लाख ६० हजारांची मर्यादा आणि जन आरोग्य योजना, हेच दोन मुख्य आधार. मुंबईत चित्रपटात नाचणाऱ्यांनी संघटनेचं सभासदत्व थकू देऊ नये आणि सिने कामगाराचं ओळखपत्र काढून ठेवावं. कल्याण निधीचे लाभ त्या ओळखपत्रावरच मिळतात.

मावशीच्या बँक पासबुकात मे-जूनमध्ये २० रुपये कापल्याची नोंद आहे का, तेही पाहा. तो प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता असतो. मात्र नुसतं हाड मोडल्यावर त्यातून काही मिळत नाही. मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. फडाच्या टेम्पोला रस्त्यात अपघात झाला तर मात्र २०२५ पासून केंद्राच्या योजनेत जखमीला पहिले ७ दिवस दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. फडाच्या प्रत्येक गाडीच्या चालकाला हे माहीत असायला हवं, आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी पोलिसांत झाली पाहिजे.